पद सोडावे, पुट अर्धे सोडू नये

गेल्या फाल्गुनात माझा एक माजी विद्यार्थी भेटावयास आला. एका खासगी आयुर्वेद महाविद्यालयात तो सात वर्षे रसशास्त्र व भैषज्यकल्पना हा विषय शिकवीत आहे. एका औषधनिर्माणशाळेने त्यास निर्मितीप्रमुखाचे पद देऊ केले होते. वेतन जवळजवळ दुप्पट आणि काम त्याच्या आवडीचे. निर्णय त्याने घेतलेलाच होता. माझ्याकडे येण्याचे कारण एवढेच, की "सर, संस्थेशी संबंध न बिघडवता राजीनामा कसा द्यावा, तेवढे लिहून द्या."

मी कागद ओढला आणि तीन ओळी लिहून दिल्या. अमुक पदाचा राजीनामा देत आहे, अमुक दिनांकापासून कार्यमुक्त करावे, येथे मिळालेल्या संधीबद्दल आभारी आहे. तो कागदाकडे पाहत राहिला. म्हणाला, "एवढेच?" मी म्हणालो, "पत्र एवढेच. बाकी तीन महिन्यांचे काम आहे, आणि ते तुला करायचे आहे." त्या तीन महिन्यांविषयी त्याच्याशी जे बोलणे झाले, ते वैद्यबंधूंपुढे व औषधनिर्मात्यांपुढे मांडावे, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम माझी स्वतःची चूक सांगतो; कारण या विषयावर उपदेश करण्याचा माझा अधिकार, असलाच तर, त्या चुकीतून आलेला आहे.

२००६ साली मी एका महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गाला शिकवीत होतो. चार महिन्यांचे वेतन थकले होते. त्याबद्दल बैठकीत विचारले असता सर्वांसमक्ष जे उत्तर मिळाले, ते येथे लिहिण्यासारखे नाही. त्याच दुपारी मी एका ओळीचा राजीनामा कार्यालयात ठेवला, कपाटातली पुस्तके पिशवीत भरली आणि निघालो. माझा संताप खोटा नव्हता. आजही मला तसे वाटत नाही. परंतु त्या वेळी माझ्याकडे एक विद्यार्थिनी अभ्रक भस्मावर प्रबंध करीत होती. धान्याभ्रकापासून आरंभ करून तिची सतरा पुटे झाली होती. प्रत्येक पुटाआधीचे व नंतरचे वजन, भावनाद्रव्याचे प्रमाण, गोवऱ्यांची संख्या, स्वांगशीत होण्यास लागलेला काळ, या साऱ्या नोंदींची मूळ वही तपासणीसाठी माझ्या कपाटात होती. पुस्तकांबरोबर ती माझ्या पिशवीत आली. भस्म अद्याप निश्चंद्र झालेले नव्हते. उन्हात धरले की चमक दिसत असे.

पुढचे कित्येक आठवडे महाविद्यालयाच्या क्रमांकावरून दूरध्वनी आला की मी तो उचलत नसे. त्यांतील काही दूरध्वनी तिचे होते, हे मला सात वर्षांनी एका परिसंवादात ती भेटली तेव्हा कळले. नोंदींवाचून प्रबंधातील निर्माणविधीचे प्रकरण उभे राहीना. नव्या मार्गदर्शकांनी धान्याभ्रकापासून पुन्हा आरंभ करावयास सांगितले. तिचे एक सत्र गेले. हे तिने कोणतीही तक्रार न करता, केवळ झालेली हकिकत म्हणून सांगितले. ज्यांच्याशी माझे भांडण होते, त्यांचे माझ्या जाण्याने काहीच बिघडले नाही. त्यांनी पंधरवड्यात दुसरी नेमणूक केली. माझ्या संतापाची किंमत जिने मोजली, तिचा त्या भांडणाशी काडीचाही संबंध नव्हता. ती वही आजही माझ्याकडे आहे.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे, की अध्यापकाचा राजीनामा हा दोन पक्षांतील व्यवहार नव्हे. त्यात एक तिसरा पक्ष असतो आणि त्याची सही कोठेही घेतली जात नाही. तो म्हणजे विद्यार्थी. संस्थाचालकांशी हसतमुखाने निरोप घेतला, शाल-श्रीफळ स्वीकारले, छायाचित्र काढले, आणि मागे तीन प्रबंध अर्धवट राहिले, तर त्या राजीनाम्यास सलोख्याचा राजीनामा म्हणता येणार नाही.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात शास्त्राची निवड, आचार्याची परीक्षा, शिष्याची परीक्षा आणि अध्यापनाचा आरंभ यांविषयी सविस्तर सांगितले आहे. अध्यापनात प्रवेश कसा करावा याचे मार्गदर्शन आपणांस तेथे मिळते. ते सोडावे कसे, यासाठी मात्र मला वाग्भटाचार्यांच्या ऋतुचर्येकडे वळावेसे वाटते. एका ऋतूचे अखेरचे सात दिवस आणि पुढील ऋतूचे पहिले सात दिवस मिळून ऋतुसंधी. या काळात मागील ऋतूची चर्या क्रमाने सोडावयाची आणि पुढील ऋतूची क्रमाने स्वीकारावयाची. एकदम सोडली वा एकदम धरली तर असात्म्यज विकार होतात. येथे कोणताही ऋतू वाईट ठरवलेला नाही. बदल अपथ्यकारक नाही, बदलातील घाई अपथ्यकारक आहे. अध्यापन सोडून चिकित्सालय थाटणे किंवा औषधनिर्मितीत जाणे यात कमीपणा नाही. सोमवारी वर्गात आणि मंगळवारी कारखान्यात, हे मात्र विकाराचे कारण आहे.

मग या संधिकाळात करावयाचे काय? २०२२ साली मी दुसरे महाविद्यालय सोडले, वडिलांचे चिकित्सालय आणि त्याला जोडलेली लहानशी औषधनिर्माणशाळा सांभाळण्यासाठी. त्या वेळी जे केले ते सांगतो. प्राचार्यांना पत्र देण्यापूर्वी समक्ष भेटून सांगितले. सहकाऱ्यांकडून कर्णोपकर्णी त्यांच्यापर्यंत बातमी जाऊ दिली नाही. नियुक्तीपत्र काढून त्यातील पूर्वसूचनेचा कालावधी पुन्हा वाचला. बहुतेकांना तो महिन्याचा की तीन महिन्यांचा, हे ठाऊकच नसते. विद्यापीठाची प्रात्यक्षिक परीक्षा व अंतर्गत गुणांची नोंद पूर्ण होईल अशा बेताने कार्यमुक्तीचा दिनांक मागितला. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा मार्गदर्शक बदलावयाचा तर विद्यापीठाची मान्यता लागते. तो प्रस्ताव मी विभागात असतानाच रवाना झाला आणि नव्या मार्गदर्शकांबरोबर प्रत्येक विद्यार्थ्यासह एकेक बैठक झाली. प्रयोगशाळेतील पारद, गंधक, हरताळ, मनःशिला यांचा साठा वजन करून नोंदवहीशी ताडून दिला. विषद्रव्यांच्या कपाटाची किल्ली कोणाच्या हाती दिली हे लिहून घेतले. नोंदवह्या विद्यार्थ्यांच्या हाती परत केल्या. ही शेवटची गोष्ट मी सर्वांत आधी केली, हे सांगावयास नको.

यांत थोर असे काही नाही. पंचकर्मातील वमन-विरेचनात प्रधानकर्म एका दिवसाचे असते. परंतु पूर्वकर्मावाचून ते घडत नाही आणि संसर्जनक्रम चुकला तर केलेले शोधन फुकट जाते, हे आपण रुग्णांना रोज सांगतो. राजीनाम्याचे पत्र हे त्या व्यवहारातील प्रधानकर्म आहे, इतकेच.

आता माझे दुसरे आणि अधिक महत्त्वाचे म्हणणे. ते अनेकांना रुचणार नाही, याची मला जाणीव आहे.

माझ्या निरोपाच्या आधी आठवडाभर संस्थेच्या एका ज्येष्ठ पदाधिकाऱ्यांनी मला बोलावून घेतले. अत्यंत प्रेमाने म्हणाले, "वैद्यराज, आपण खुशाल जा. आपल्या चिकित्सालयाला आमच्या शुभेच्छा. फक्त तपासणी होईपर्यंत आपले नाव पटावर राहू द्या. तेवढा एक दिवस येऊन बसा. आपले संबंध काही आजचे नाहीत." पदवी महाविद्यालयास चौदा विभाग आणि प्रत्येक विभागात विहित संख्येचे शिक्षक लागतात, एक जागा रिकामी दिसली तर प्रवेशक्षमतेवर गदा येऊ शकते, ही त्यांची अडचण खरी होती. त्यांनी माझ्यावर दडपण आणले नाही. त्यांनी माझ्या कृतज्ञतेला हात घातला, आणि दडपणापेक्षा ते मोडणे कठीण असते.

आपल्या व्यवसायात संबंध राखण्याचा अर्थ पुष्कळदा नेमका हाच होऊन बसला आहे. शिक्षक शरीराने जातो, नाव मागे ठेवतो. संस्थेची जागा भरलेली दिसते, शिक्षकाला अधूनमधून काही मानधन मिळते, आणि कोणीच दुखावले जात नाही. दुखावला जातो तो फक्त विद्यार्थी. त्याच्या पटावर रसशास्त्राचे अध्यापक असतात आणि वर्गात कोणी नसते. पुढे हाच विद्यार्थी पदवी घेऊन आपल्या चिकित्सालयात सहायक म्हणून येतो आणि त्याला कज्जलीची परीक्षा करता येत नाही, तेव्हा आपणच आयुर्वेदशिक्षणाच्या ऱ्हासावर लेख लिहितो. १९७० च्या कायद्यानुसार आलेल्या केंद्रीय परिषदेच्या काळातही हे चालत असे. २०२० च्या कायद्याने तिच्या जागी राष्ट्रीय आयोग आणला आणि २०२१ पासून तो काम पाहू लागला. शिक्षकांना संकेतांक आले, बायोमेट्रिक उपस्थिती आली. यंत्रे येतील आणि कठोर होतील. परंतु ज्याने आपले नाव मागे ठेवण्यास मनाने संमती दिली, त्याला कोणतेही यंत्र पुरते अडवू शकत नाही. ही गोष्ट शेवटी ज्याच्या त्याच्या सहीवर येऊन थांबते.

मी त्या गृहस्थांना सांगितले, "संस्थेचा मी ऋणी आहे, म्हणूनच नाव ठेवून जाणार नाही. उद्या हे उघडकीस आले तर माझ्या नोंदणीबरोबर संस्थेची मान्यताही अडचणीत येईल." त्यांच्या अडचणीकडे पाठ फिरवू नये म्हणून दोन गोष्टी मी आपण होऊन देऊ केल्या. माझ्या जागी योग्य उमेदवार शोधण्यास साहाय्य करणे, आणि तो रुजू होईपर्यंत आठवड्यातून एक दिवस अतिथी व्याख्याता म्हणून शिकवणे. कागदोपत्रीही अतिथी म्हणूनच. प्राचार्यांनी ते मान्य केले. त्या पदाधिकाऱ्यांनी पुढे वर्षभर माझ्याशी बोलणे टाकले. निरोप समारंभही झाला नाही. तरीही तो राजीनामा मी सलोख्याचा मानतो. गोडवा आणि सलोखा या दोन भिन्न वस्तू आहेत. मधुर रस कफाचा प्रकोप करू शकतो, हे आपल्यासारख्यांना सांगावयास नको.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. ज्या संस्था महिनोन्महिने वेतन थकवतात, मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवतात, कार्यमुक्तीचे पत्र देण्यास टाळाटाळ करतात, त्यांच्याशी शिक्षकाने इतके सौजन्य का दाखवावे? माझे उत्तर असे. सलोखा म्हणजे मौन नव्हे. देणे असेल ते मागावेच; परंतु ते वेगळ्या पत्राने, रकमेच्या व महिन्यांच्या तपशिलासह, पोच घेऊन मागावे. राजीनाम्याचे पत्र हे गाऱ्हाण्याचे पत्र करू नये. कारण पुढे वाद झाला तर त्यातील एखादा उद्वेगाचा शब्दच आपल्याविरुद्ध वाचून दाखवला जातो. मूळ प्रमाणपत्रे मुळात कोणाच्याही स्वाधीन करून ठेवू नयेत. पडताळणीसाठी दाखवावीत आणि परत घ्यावीत. सलग पाच वर्षे सेवा झाली असेल तर राजीनामा दिल्यानेही उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा हक्क जात नाही. २००९ च्या दुरुस्तीने शिक्षकांना हा हक्क १९९७ पासून मिळाला आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. आपल्या कित्येक सहकाऱ्यांनी हे ठाऊक नसल्यामुळे त्यावर पाणी सोडले आहे. शासकीय सेवेतील बंधूंनी तर पत्र देण्यापूर्वी दहादा विचार करावा. तेथे राजीनामा सक्षम अधिकाऱ्याने स्वीकारल्यावरच अमलात येतो, आणि १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांखाली येणाऱ्यांची मागील सेवा राजीनाम्याने लोप पावते. वीस वर्षे झाली असतील तर स्वेच्छानिवृत्ती हा वेगळा मार्ग आहे. संतापाच्या भरात एका शब्दाची अदलाबदल केल्याने आयुष्यभराचे निवृत्तिवेतन जाऊ शकते. हक्क सांगणे आणि विद्यार्थ्यांचे काम पुरे करणे यांत विरोध नाही. २००६ साली मी हक्क मागितला नाही आणि कामही पुरे केले नाही. केवळ निघून गेलो. त्याला मी त्या वेळी स्वाभिमान समजत होतो.

आता दोन शब्द औषधनिर्मात्या बंधूंसाठी. मी स्वतःही आता त्यांच्यातीलच एक आहे. रसशास्त्राचा अनुभवी अध्यापक आपणांस हवा असतो आणि तो हवाच. परंतु त्याला देऊ केलेल्या पदाबरोबर "सोमवारपासून या" ही अट आपण घालतो, तेव्हा त्याच्या वाईट राजीनाम्याचे निम्मे कर्तृत्व आपले असते. जो सत्राच्या मध्यावर विद्यार्थी टाकून आपल्याकडे आला, तो उद्या भट्टीवरचा पाक टाकून दुसरीकडे जाणार नाही, याची हमी कोण देणार? तीन महिने थांबावे. कार्यमुक्तीचे पत्र पाहिल्यावाचून रुजू करून घेऊ नये. १९४५ च्या नियमांनुसार आयुर्वेदीय औषधनिर्मिती ज्या तांत्रिक व्यक्तींच्या देखरेखीखाली व्हावयाची, त्यांतील किमान एक पूर्णवेळ सेवेत असावी लागते. आणि २००० साली शेड्यूल टी आल्यापासून निर्मितीच्या कागदपत्रांची जबाबदारी अधिकच वाढली आहे. आपल्या परवान्यावर ज्याचे नाव पूर्णवेळ तज्ज्ञ म्हणून आहे, त्याचेच नाव एखाद्या महाविद्यालयाच्या पटावर पूर्णवेळ अध्यापक म्हणून असेल, तर दोहोंपैकी एक कागद खोटा आहे. त्या खोट्यावर आपली भस्मे आणि आसवारिष्टे उभी आहेत, याचा विचार व्हावा. तसेच नव्या तज्ज्ञाकडून महाविद्यालयातील संशोधनाच्या नोंदींची अपेक्षा धरू नये. ज्या विद्यार्थ्याने रात्री जागून पुटे दिली, ती नोंद त्याची आहे.

चिकित्सालय काढणाऱ्या अध्यापकांसाठीही एक पथ्य आहे. महाविद्यालयाच्या रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभागात बसून शेवटच्या महिन्यात स्वतःच्या चिकित्सालयाची ओळखपत्रे वाटणे शोभत नाही. रुग्णाने आपणांस शोधत यावे, ही गोष्ट निराळी. आपण त्याला खुणावून न्यावे, ही निराळी. पहिल्याने कीर्ती वाढते. दुसऱ्याने काही महिने रांग वाढते, आणि गावात बोलले जाते ते कायम राहते.

ज्या विद्यार्थ्याच्या भेटीने या लेखास आरंभ झाला, त्याचा वृत्तांत सांगून पूर्ण करतो. त्याच्याकडे दोन पदव्युत्तर विद्यार्थी होते. एकाचा प्रबंध लेखनाच्या टप्प्यावर, दुसऱ्याचे ताम्र भस्म मारणाच्या टप्प्यावर. औषधनिर्माणशाळेच्या मालकांशी तो पुन्हा बोलला. तीन महिने थांबण्यास ते प्रथम नाखूश होते, नंतर कबूल झाले. ज्येष्ठात त्याचा दूरध्वनी आला. कार्यमुक्तीचे पत्र मिळाले होते. नाव ठेवण्याची विनंती त्यालाही झाली होती आणि त्याने ती नम्रपणे नाकारली होती. त्याच्या आवाजात थोडी हुरहूर होती. म्हणाला, "सर, ते जरा नाराज झाले आहेत." मी विचारले, "ताम्र भस्माचे काय झाले?" म्हणाला, "अम्लपरीक्षा परवाच झाली. दह्याला हिरवट छटा आली नाही."

मी म्हणालो, "मग तू नीट निघालास."

असो. या विषयावर वैद्यबंधूंची मते भिन्न असू शकतील, विशेषतः पटावरील नावाविषयी. ती याच अंकांतून मोकळेपणाने मांडली जावीत, अशी विनंती आहे. आपल्या संघटनेने महाविद्यालयीन सदस्यांसाठी कार्यमुक्तीच्या वेळी सुपूर्द करावयाच्या गोष्टींची एक सर्वमान्य यादी तयार करावी, अशी सूचनाही या निमित्ताने करतो. त्या यादीत पहिली ओळ विद्यार्थ्यांच्या नोंदवह्यांची असावी, एवढा आग्रह मात्र माझा राहील.